हँडल मारायचं नसतं!

गेल्या श्रावणात पुतण्याचा फोन आला. "काका, मळ्यात भंगारवाला आलाय. इंजिन किलोवर घेतो म्हणतोय. देऊ का?"

मी त्या वेळी कराडातल्या घरी, विद्यानगरच्या बाजूला, एका कादंबरीच्या तिसऱ्या प्रकरणाशी झटत बसलो होतो. प्रकरण तिथंच टाकलं आणि म्हणालो, "थांब. मी येतो."

"अहो काका, लोखंड आहे नुसतं."

"म्हणूनच थांब म्हटलं."

सौ.नी विचारलं, कुणाचं काय झालं? मी म्हणालो, आबांच्या इंजिनाचा सौदा चाललाय. ती काही बोलली नाही. लग्न होऊन आली तेव्हा ते इंजिन चालू होतं आणि नव्या सुनेला पहिला धाक सासूचा नव्हे, त्या चाकाचा घातला गेला होता: "पदर खोचल्याबिगर तिकडं फिरकायचं न्हाई."

आमचा मळा कराडच्या पूर्वेला, कृष्णेच्या काठापासून थोडा आत आहे. नदीचं पाणी आमच्या वाट्याला बऱ्याच उशिरा, उपसा योजनेतून आलं. त्याआधी सगळी भिस्त विहिरीवर. आज्ज्याच्या काळात विहिरीवर मोट होती. १९६५ साली आबांनी जमीन तारण ठेवून पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन आणलं. मी सहा वर्षांचा होतो. बैलगाडीतून ते उतरवायला अख्खी वस्ती लोटली होती. मोटेचे बैल दावणीला उभे राहून बघत होते. पुढं त्यांच्यातली एक जोडी विकली, ती याच इंजिनाच्या हप्त्यापायी. इंजिन कुठल्या कंपनीचं, ते सांगत नाही. पुढं जे घडलं त्यात दोष इंजिनाचा नव्हता आणि उगाच एखाद्या कारखान्याच्या नावाला बट्टा नको.

तसे आमच्या भागाला कारखान्यांचे संस्कार जुने. लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगावातून बिऱ्हाड हलवावं लागलं तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी त्यांना कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि १९१० साली तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. लोखंडी नांगरानं जमीन विषारी होते अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याच्या गळी त्यांनी तो नांगर उतरवला. त्यांच्या चिरंजीवांनी, शंतनुरावांनी, १९४६ मध्ये पुण्याजवळ खडकीला ऑइल इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला. इकडे सातारा रोडला धनजीशा कूपर यांचा कारखाना. नांगरांपासून सुरुवात करून त्यांनी डिझेल इंजिनापर्यंत मजल मारली. हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधानही होते. आणि आमच्या अगदी उशाला ओगलेवाडी. तिथला 'प्रभाकर' कंदील माहीत नसलेलं घर त्या काळी शोधून सापडलं नसतं. आमच्या इंजिनघरात खुंटीला तोच असायचा. थोडक्यात, आम्ही शेतकऱ्यांची पोरं असलो तरी तेलाच्या आणि लोखंडाच्या वासात वाढलो.

इंजिन चालू करणं ही मात्र त्या काळी एक परीक्षाच होती. आताच्या मुलांना बटण माहीत आहे. आमच्या इंजिनाला बॅटरी नव्हती, स्टार्टर नव्हता, ठिणगीसुद्धा नव्हती. डिझेल इंजिनाची हीच तर गंमत. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरचं इंजिन १८९७ साली आउग्सबुर्गला नीट चाललं, त्यामागची कल्पना साधी होती. हवा जोरात दाबली की ती तापते. सायकलला पंपानं हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, तसंच. सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पट दाबली की ती पाचशे अंशांच्या वर तापते आणि त्यात डिझेलचा फवारा उडाला की तो आपोआप पेट घेतो. पण ही पहिली दाब द्यायची कुणी? माणसानं. हातानं. पाच हॉर्सपॉवरच्या घोड्याला जागं करायला अर्ध्या हॉर्सपॉवरचासुद्धा नसलेला शेतकरी!

ही पंचाईत सगळ्या जगाची होती. अमेरिकेत १९१७ पासून फोर्डसन ट्रॅक्टर निघू लागले, त्यांना समोर उभं राहून हँडल मारावं लागे. मोटारींना १९१२ सालीच कॅडिलॅक कंपनीनं विजेचा स्टार्टर बसवला होता, चार्ल्स केटरिंग यांनी तयार केलेला. शेतकऱ्याच्या वाट्याला ही चैन फार उशिरा आली. जर्मनीतल्या लांझ बुलडॉग ट्रॅक्टरचं डोकं आधी ब्लो-लॅम्पनं तापवायचं, मग त्याचं स्टिअरिंग उपसून बाजूच्या चाकात खोवायचं आणि त्यानंच इंजिन फिरवायचं. इंग्रजांचा फील्ड मार्शल ट्रॅक्टर तर सगळ्यांवर कडी. थंडीत त्याच्या डोक्यात धुमसता कागद खुपसायचा आणि हँडल मारायचं जिवावर आलं तर बंदुकीसारखं काडतूस घालून बार काढायचा. त्या दणक्यानं पिस्टन हलायचा. आमच्याकडे असा ट्रॅक्टर असता तर फौजदार रोज दारात आला असता.

आमच्या इंजिनाला त्या मानानं सोपी युक्ती होती. माथ्यावर एक छोटी दांडी होती. कंपनीच्या पुस्तकात तिचं नाव डी-कॉम्प्रेशन लिव्हर. आमच्या घरात तिला 'खटका' म्हणत. खटका वर केला की धूर बाहेर जाण्याचा व्हॉल्व्ह उघडा राहायचा, हवा दाबली जायची नाही आणि चाक हलकं फिरायचं. हँडल मारून चाकाला वेग आणायचा आणि वेग भरला की खटका पाडायचा. मग चाकच आपल्या जोरानं पिस्टनला त्या दाबातून पलीकडे ढकलतं. एक धडका, काळा धूर, दुसरा धडका, आणि मग तो ठोका: धक्, धक्, धक्.

आबा हँडल मारायचे आणि खटका मी पाडायचो. आठव्या-नवव्या वर्षापासून ते माझं काम होतं. आबांची हाक यायची, "हं!" आणि माझा हात खाली. डिसेंबर १९६७ मध्ये कोयनेचा भूकंप झाला, पहाटे, त्यात इंजिनघराची एक भिंत गेली. इंजिनाला मात्र खरचटलंही नाही. चार दिवसांनी आम्ही उघड्यावरच ते चालू केलं. शेजारपाजारचे लोक ठोका ऐकून आले. काहीतरी पूर्ववत चालू आहे, एवढंच बघायला आले असावेत.

मग १९७२ चा दुष्काळ आला.

विहिरीनं तळ गाठला. पूर्वी इंजिन सकाळी एकदा चालू केलं की दुपारपर्यंत चालायचं. आता तासाभरात पाणी संपायचं. मग इंजिन बंद करून झरे भरायची वाट बघायची आणि पुन्हा चालू करायचं. दिवसातून एकदा मारायचं हँडल चार-पाच वेळा मारावं लागू लागलं. इंजिनही सात वर्षं वापरून थकलं होतं. व्हॉल्व्ह नीट बसत नव्हते, दाब कुठून तरी निसटत होता, नवं सामान घ्यायला पैसे नव्हते. कधी पंधरा-पंधरा वेळा हँडल मारूनही ते नुसतं पांढरा धूर ओकायचं. आबांच्या तळहाताची सालं निघायची. ते तेवढ्यावर कापड गुंडाळायचे आणि पुन्हा उभे राहायचे.

जानेवारी १९७३. रात्रभर साठलेलं पाणी पहाटे उपसायचं होतं. कडाक्याची थंडी, ऑइल काकवीसारखं घट्ट झालेलं. मी तेरा वर्षांचा. कंदिलाच्या उजेडात खटक्यावर हात ठेवून उभा होतो आणि खरं सांगायचं तर उभ्या उभ्या पेंगत होतो. आबांनी तीन-चार फेरे मारले असतील. त्यांनी हाक दिली नव्हती. खटका माझ्या हातून पडला.

वेग भरलेला नसताना खटका पडला तर काय होतं, ते पुढं मला एका मिस्त्रींनी समजावून सांगितलं. पिस्टन वरच्या टोकाला पोचायच्या थोडं आधीच डिझेलचा फवारा उडतो. चाकाला वेग असेल तर पिस्टन टोक ओलांडून जातो आणि स्फोट त्याला पुढं ढकलतो. वेग नसेल तर पिस्टन टोकाच्या अलीकडेच असतो आणि तोच स्फोट त्याला मागं फेकतो. चाक उलटं फिरतं. हँडलाची रचना अशी की इंजिन पुढं धावलं तर ते आपोआप सुटतं. उलटं फिरलं तर सुटत नाही, माणसाच्या हातासकट मागं येतं.

आबांचं उजवं मनगट मोडलं. आवाज मी ऐकला. तो इथं लिहीत नाही.

बैलगाडीतून कराडला नेलं. डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? आबा म्हणाले, "हात घसरला माझा." घरी आज्जीला तेच सांगितलं. चुलत्यांना तेच. जो समाचाराला येईल त्याला तेच. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. मला ते त्या वेळी रागानं वाटलं होतं.

आता प्रश्न उसाचा होता. वितभर राहिलेला ऊस होता, तोही जळला असता तर तारण ठेवलेली जमीन गेली असती. आबांचा हात गळ्यात, धाकटे चुलते मुंबईला गिरणीत. मी हँडल उचलून बघितलं, मला चाक जेमतेम अर्धा फेरा हललं. तेव्हा ओगलेवाडीच्या बाजूचे एक मिस्त्री आले. त्यांनी पैशांची गोष्टच काढली नाही. दोन दिवस इंजिन उघडून बसले. कामं बारीकसारीक होती. व्हॉल्व्ह पॉलिशची पेस्ट लावून घासून बसवले. नोझल काढून साफ केली. टाकीपासून पंपापर्यंतची सगळी नळी सैल करून हवा काढली. कारण डिझेलच्या नळीत हवेचा बुडबुडा असेल तर पहिलवानानं हँडल मारलं तरी इंजिन चालू व्हायचं नाही. जुनं जाड ऑइल ओतून पातळ भरलं. पंपाचा पट्टा उतरवून ठेवायला सांगितलं: "इंजिनाला उठवायचंय का पंपाला? दोघांना एकदम कशाला?" हँडलाच्या मुठीवर पाइपचा तुकडा सैल घातला, म्हणजे मूठ हातात फिरते आणि सालं निघत नाहीत.

मग ते आईला म्हणाले, "वैनी, आता तुमी या."

सगळे हसले. माझी आई अंगानं काटकुळी. मिस्त्री हसले नाहीत.

"हँडल मारायचं नस्तंय वैनी. समदे मारत्यात म्हणून हात मोडत्यात. वर वडायचं अस्तंय. खाली जाताना ते आपसूक जातंय. आन् अंगठा बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, मुठीला इळखा घालायचा न्हाई. उलटं आलं तर नुसतं बोटांतनं सुटून जातंय."

दुसरी गोष्ट त्यांनी कानाची सांगितली. खटका वर असताना चाक फिरवलं की प्रत्येक फवाऱ्याला नोझल बारीक करकरते. ती करकर ऐकू आली तरच पुढं जायचं. नाही आली तर डिझेल पोचलेलं नाही, ताकद वाया घालवू नका. आणि थंडीच्या दिवसांत हवा आत जाते तिथं चमचाभर ऑइल सोडायचं, चमचाभरच. त्यानं रिंगांच्या फटी बुजतात आणि दाब धरतो. सिलिंडरभोवती जिथं थंड पाणी फिरतं तिथं चुलीवरचं गरम पाणी ओतायचं. पेटती चिंधी हवेच्या तोंडाशी धरायची काहींची रीत होती, ती त्यांनी मला हात जोडून मना केली. कपड्याला आग लागलेली माणसं त्यांनी बघितली होती.

पण मुख्य सूत्र वेगळंच होतं. ते मला पुढं कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या तासाला कळलं आणि मी बाकावर एकटाच हसलो. फिरत्या चाकात साठणारी शक्ती वेगाच्या वर्गानं वाढते. वेग दुप्पट केला तर शक्ती चौपट. म्हणजे प्रश्न दंडाचा नसतोच, वेगाचा असतो. आणि खटका वर असेपर्यंत वेग सावकाश वाढवायला कुणी अडवलेलं नसतं. आईला हे वर्गबिर्ग काही माहीत नव्हतं. तिनं पदर कमरेला खोचला, दोन फेरे सावकाश घेतले आणि म्हणाली, "हे तर फुगडीवाणी हाय."

फुगडीच होती ती. सुरुवात रेंगाळत, मग अंग मागं टाकून, मग गरगर. ती मनाशी फेरे मोजत होती. मी खटक्याशी उभा होतो. हात थरथरत होता आणि घशाला कोरड पडली होती. मी म्हणालो, "आई, मला नको." ती फिरवता फिरवताच म्हणाली, "तूच पाड. मी म्हनंन तवा." दहाव्या फेऱ्याला ती ओरडली, "आता!"

पहिल्या हँडलला इंजिन चालू झालं. आबा पलंगावरून उठून इंजिनघराच्या दारात आले होते.

तो ऊस निघाला, रेठऱ्याच्या कारखान्यावर गेला, जमीन राहिली. प्लास्टर निघाल्यावरही आबांचं मनगट पूर्ण वळायचं नाही. भाकरी मोडताना ते डाव्या हाताची मदत घ्यायचे. हँडल पुढं आईकडेच राहिलं. आसपासच्या वस्त्यांवरून हटवादी इंजिनं चालू करायला तिला बोलावणं येई. ती जायची, पण आधी त्या घरच्या बाईला मूठ धरायला लावायची.

१९७९ मध्ये वीज आली. उशाला कोयना धरण असून आमच्या मळ्याला वीज यायला इतका काळ लागला, हा विषय मोठा आहे, पुन्हा कधीतरी. विजेची मोटर बसली आणि इंजिन दुय्यम झालं. वीज गेली की त्याची आठवण व्हायची. नव्वदच्या सुमारास तेही थांबलं.

मी तोवर बँकेत लागलो होतो. शेतीकर्जं बघायचो. इंजिनासाठी कर्ज घेणाऱ्याच्या विहिरीवर जाऊन इंजिन प्रत्यक्ष बघायचं, नंबर टिपायचा असा नियम. एकदा तर एकाच आठवड्यात एकच इंजिन मी तीन विहिरींवर बघितलं. तिसऱ्या ठिकाणी ते अजून गरम होतं! मी एक मनाशी ठोकताळा बांधला होता: ज्याचं इंजिन पहिल्या हँडलला चालू होतं त्याचं कर्ज फिटतं. निगा राखणारा माणूस हप्ताही राखतो. बरीच वर्षं हा ठोकताळा खरा ठरला. पुढं एक इसम भेटला, त्याचं इंजिन नुसत्या बोटानं चालू व्हायचं आणि त्यानं शेवटपर्यंत एक रुपया भरला नाही. असो.

आबा १९९८ मध्ये गेले. त्या पहाटेबद्दल आम्ही कधी बोललो नाही. एकदा, माझी पहिली कादंबरी आली तेव्हा, मी धीर करून म्हणालो, "आबा, त्या दिवशी खटका..." त्यांनी वाक्य पुरं होऊ दिलं नाही. "थंडी लई होती त्या साली," एवढंच म्हणाले आणि गोठ्याकडे गेले.

तर, भंगारवाल्याला परत पाठवला. ओगलेवाडीच्या त्या मिस्त्रींचा मुलगा आता स्वतः साठीला आलाय, ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज चालवतो. तो आला, इंजिनाभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, "सर, वडलांच्या हातचा पाइप अजून हाय की मुठीवर." पिस्टन गंजून घट्ट बसला होता. नोझल काढून वरून डिझेल आणि ऑइल सोडलं आणि आठ दिवस भिजत ठेवलं. नवव्या दिवशी लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके दिले, तेव्हा चाक बोटभर हललं. पुढं सगळं वडलांच्या वहिवाटीनं: रिंगा नव्या, व्हॉल्व्ह घासून, पाण्याच्या वाटेतला क्षार खरवडून, नळीतली हवा काढून. खर्च किती झाला ते सौ.ना सांगितलेलं नाही. त्या हा लेख वाचतील म्हणून इथंही सांगत नाही.

खंडेनवमीला पूजा केली. पुण्याहून मुलगा, सून, नातू आले होते. नातू बारा वर्षांचा. मिस्त्री म्हणाला, हँडल मी घेतो. मी म्हणालो, नाही. माझा उजवा खांदा गेली दोन वर्षं आखडलेला आहे, हात कानाच्या वर जात नाही. पण वर ओढायचं काम कमरेच्या आणि पायांच्या जोरावर होतं, आणि हँडल खांद्याच्या वर जातच नाही. सौ. "अहो, वय काय तुमचं" म्हणाल्या आणि हळद-कुंकवाचं ताट घेऊन तिथंच उभ्या राहिल्या.

नातवाला खटका दाखवला. "मी 'हं' म्हणेन तेव्हाच पाडायचा." त्यानं मान डोलावली. ऑइलचा चमचा झाला, गरम पाणी झालं. मी अंगठा बाजूला घेतला आणि फिरवायला लागलो. एक, दोन, तीन. नोझल करकरली. चौथ्या-पाचव्या फेऱ्याला चाकानं वेग धरायला नुकती सुरुवात केली होती आणि नातवाच्या हातून खटका पडला.

चाक थबकलं आणि उलटं आलं. हँडल माझ्या बोटांतून सटकन निघून गेलं. मला काही झालं नाही. बोटांना झिणझिण्या आल्या, एवढंच. पण सगळे एकदम ओरडले आणि पोराचा चेहरा पांढराफटक पडला. मुलानं त्याच्यावर आवाज चढवला, "लक्ष कुठं होतं तुझं?"

मी म्हणालो, "त्याला काही बोलू नको. हात घसरला माझा."

मिस्त्रीनं माझ्याकडे बघितलं. मग वाकून हँडल उचललं, पुसलं आणि परत माझ्या हातात दिलं. नातू खटक्यापासून दोन पावलं मागं सरला होता. त्याला बोलावलं. "तूच पाड," म्हटलं. "मी म्हणेन तेव्हा."

दुसऱ्या खेपेला बारा फेरे घेतले. इंजिन एकदा खोकलं, काळ्या धुराचा लोट थेट वाळत घातलेल्या कुरडयांवर गेला आणि भावजय आतून ओरडत धावली. तिचं बोलणं कुणालाच ऐकू आलं नाही.

ठोका धरला होता. पंपाचा पट्टा चढवला. विहिरीतलं पाणी पाटात यायला दोन मिनिटं लागली, आणि नातू चपला काढून पाटात उतरला.